बांधाखालचा ताग

ताग कापून तीन दिवस झाले, तरी डोहात पाणी घोट्याच्या वर चढेना.

दोरवाल्यांच्या घरात असं कधी झालं नव्हतं. ताग कापायचा, पाला गळायला दोन दिवस उभा ठेवायचा, पेंढ्या बांधायच्या आणि तिसऱ्या दिवशी उजाडताच ओढ्याच्या डोहात नेऊन बुडवायच्या. वर दगड ठेवायचे. अठरा दिवस पाण्यात कुजला की साल काडीपासून सुटते. तिचाच वाख आणि वाखाचे दोर. पण ताग वेळेवर पाण्यात पडला नाही, उन्हात कडक वाळला, तर साल काडीला अशी धरून बसते की नखं तुटली तरी सुटत नाही. तो ताग मग चुलीत घालायचा आणि वर्षभर हातावर हात ठेवून बसायचं.

सासरे कपडे गुडघ्यावर खोचून डोहाच्या मधोमध उभे होते. एरवी या दिवसांत तिथं त्यांच्या कमरेला पाणी लागायचं.

"काल इथं बोटभर जास्त होतं," ते म्हणाले. ते कुणाला उद्देशून बोलले नव्हते, पण काठावर सूनबाईशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"बाजूनं चर खणून पाणी एका जागी ओढलं तर?" तिनं विचारलं.

"ओढायला पाणी पाहिजे ना. चिखल ओढून काय चिखलाचे दोर वळू?"

सूनबाई घाबरली नाही. ती पाथरवटाची मुलगी. डोंगरावरच्या वस्तीत वाढलेली. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातांना छिन्नीचे घट्टे होते. पहिल्याच दिवशी तिनं वाखाला इतका जोरात पीळ घातला की पेड तटकन तुटला. सासरे म्हणाले होते, "अगं, दगड नाही हा. ह्याला समजावून वळवायचं असतं." तेव्हापासून ती समजावून वळवायला शिकली होती. माणसांच्या बाबतीत मात्र तिला अजून तेवढा धीर नव्हता.

पाऊस कमी झाला म्हणावं तर तसंही नव्हतं. पूर्वी तो महिना महिना रिपरिपत राहायचा. लोक कंटाळायचे, कपडे वाळायचे नाहीत, पण ओढा वाहता असायचा. आता तो दोन दिवसांत सगळं ओतून मोकळा व्हायचा आणि मग पंधरा पंधरा दिवस तोंड दाखवायचा नाही. मागच्या वर्षी अशाच एका लोंढ्यानं डोहात बुडवलेल्या निम्म्या पेंढ्या वरच्या दगडांसकट नेल्या होत्या. यंदा लोंढाही आला नाही आणि पाणीही राहिलं नाही.

पलीकडच्या काठानं वीटभट्टीवाला आला. वीट थापायला माती भिजवावी लागते, म्हणून त्याचाही जीव ओढ्यात अडकलेला.

"दोरवाले, पाण्याची वाट बघताय होय?" तो तिथूनच ओरडला. "ते नाही यायचं. ते तुमच्या व्याह्यांकडे पाहुणचाराला बसलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! डोंगरावर चार बांध घातलेत त्यांनी. वर एक तळं, काठोकाठ भरलेलं. कालच बघून आलो. उद्या माझी चार माणसं घेऊन पहारी मारायला जातोय. तुम्ही पुढे असलात तर बरं. घरचा माणूस म्हटल्यावर कुणी हात उचलणार नाही."

सासरे डोहातून बाहेर आले. पायाचा चिखल गवताला पुसला, सावकाश, दोन्ही पायांचा. मग सुनेकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"बांध घातलेत ते माहीत होतं. मागे माहेरी गेले तेव्हा दोन दिवस मीही दगड दिले."

"वा! माझ्या ओढ्याला लगाम घालायला माझ्याच घरातून मजूर गेला." ते चालायला लागले. भट्टीवाला पलीकडच्या काठावर हसत होता, ते तिला पाठीतही टोचत राहिलं.

दिवसभर घरच्यांनी विहिरीचं पाणी काढून पेंढ्यांवर मारलं. पेंढ्यांवर पोती अंथरली होती. ती भिजवायची, तासाभरात वाळायची, पुन्हा भिजवायची. सूनबाई पाणी शेंदायची, नवरा वाहायचा, सासूबाई तांब्यातांब्यानं शिंपडायच्या. दुपारपर्यंत तिच्या तळहातांची साल निघाली. विहिरीच्या पाण्यालाही तळच्या गाळाचा रंग यायला लागला होता.

"तुझ्या बापाला बांध घालताना आमची आठवण नाही झाली?" सासूबाईंनी विचारलं.

"त्यांना वाटलं, पाणी खाली उतरेलच."

"कधी? आम्ही वर गेल्यावर?"

"आई, तो हंडा दे इकडे," नवरा मध्येच म्हणाला. तो असाच होता. भांडण दिसलं की त्याला हंडा, दोरी, कोयता काहीतरी हवं असायचं.

संध्याकाळी सासऱ्यांनी पहार बाहेर काढून दाराशी उभी केली. सूनबाईनं ती बघितली.

"उद्या मी बरोबर येते, मामंजी."

"माहेरची बाजू घ्यायला?"

"ताग माझाही आहे. कापताना माझीही कंबर मोडलीय. आणि बांध फोडायचाच असेल तर कुठून फोडायचा ते तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं."

सासऱ्यांनी तिच्याकडे निरखून बघितलं. ही चेष्टा करते की खरं बोलते, ते त्यांना ठरवता येईना. "ये," म्हणाले.

सकाळी ते सात जण चढायला लागले. वाट ओढ्याच्या कडेनंच होती. पात्रात गोल गुळगुळीत धोंडे उघडे पडले होते. अर्ध्या तासानं पहिला बांध लागला. ओढ्याच्या घळीत आडवा, छातीइतका उंच, सुक्या दगडांचा. एकात एक असे बसवलेले की मध्ये बोट जाऊ नये. मागे गढूळ पाणी साठलेलं. बांधाच्या पायथ्याशी मात्र जमीन ओली होती, आणि त्या ओलीवर हिरवंगार गवत माजलं होतं. सासऱ्यांनी त्यावर पाय दाबला. पावलाभोवती पाणी आलं.

चौथ्या बांधाशी पाथरवट दगड घडत बसला होता. भुवया दगडाच्या भुकटीनं पांढऱ्या झालेल्या. माणसांच्या हातातल्या पहारी त्याला दिसल्या. त्यानं हातोडा खाली ठेवला.

"या पाहुणे. बसा. पाणी घेता?"

"घ्यायलाच आलोय," भट्टीवाला म्हणाला.

सासरे बसले नाहीत. मुलाकडचा माणूस आजवर कधी काही मागायला या घरी आला नव्हता, आणि आता आलो तेही चार परक्या माणसांदेखत, हे त्यांच्या उभं राहण्यातही दिसत होतं. "माझा ताग उन्हात पडलाय," ते म्हणाले. "ओढा कोरडा पडलेला वरून दिसतो की नाही तुम्हाला?"

"दिसतो. डोंगरही कोरडा दिसत होता, तीस वर्षं." पाथरवट उठला. "झाडं गेली, माती गेली, नुसता खडक राहिला. पाऊस पडला की घरंगळला. तुमच्याकडे लोंढा यायचा तो इथलाच. मग आम्ही अडवलं. पहिल्या पावसात बांधामागं तुडुंब भरलं, चार दिवसांनी बघतो तर हातभर खाली. मी म्हटलं, फुटलं कुठं? कुठंच फुटलं नव्हतं. भेगांतून आत गेलं. पाहुणे, आधी डोंगर पिणार. पोट भरलं की सोडणार."

"कधी सोडणार?"

पाथरवटानं डोकं खाजवलं. "ते मी नाही सांगू शकत. यंदा सोडेल, नाहीतर पुढच्या वर्षी."

"ताग पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही."

"नाही थांबत," पाथरवट म्हणाला.

सासरे बांधावर चढले. पहार दोन्ही हातांत धरली. तेव्हा सूनबाई पुढं झाली आणि एका दगडावर हात ठेवून उभी राहिली.

"हा काढा, मामंजी. तिथं मारलं तर दिवसभर घाम गाळाल. हा निघाला की शेजारचे दोन आपोआप येतील, मग सगळाच येईल."

पाथरवट पोरीकडे बघत राहिला.

"दुपारपर्यंत पाणी डोहात," ती पुढं म्हणाली. "संध्याकाळपर्यंत डोहातून पुढे. आपण पेंढ्या बुडवून दगड ठेवतोय तोवर डोह पुन्हा रिकामा. ताग कुजायला दिवस किती लागतात?"

"मला विचारतेस?"

"तुम्हीच शिकवलंत."

"अठरा," सासरे म्हणाले.

"मग अठरा दिवस पुरेल असं काहीतरी बोलू या. नाहीतर मारा पहार. मी बाजूला होते."

आणि ती खरंच बाजूला झाली. सासरे पहार धरून तसेच उभे. वाऱ्यानं त्यांचा सदरा फडफडत होता. मग त्यांनी पहार दगडांवर टेकवली, काठीसारखी, आणि बांधावरून उतरून सरळ वरच्या तळ्याकडे चालू लागले. सगळे मागोमाग.

तळ्याच्या काठाशी ते उकिडवे बसले. आतल्या बाजूला हात घातला, चिमूटभर माती उकरून बोटांत चोळली.

"ही चिकणमाती आहे."

पाथरवट पायानं काठावरचा खडा हलवायला लागला.

"बांधातून झिरपतं ते मी डोळ्यांनी बघितलं. पाय घालून बघितलं. पण ह्या तळ्याला तुम्ही आतून लिंपलंय. ह्यातलं थेंबभर पाणी ना डोंगराच्या पोटात जाणार, ना खाली येणार. बरोबर ना, पाहुणे?"

"उन्हाळ्यात आमची जनावरं..."

"आम्हाला जनावरं नाहीत?"

पाथरवट मुलीकडे वळला. त्याला वाटलं, आता तरी ती काही बोलेल. ती बोलली.

"मामंजींचं खरं आहे, बाबा. बांधांचं तुमचं बरोबर, तळ्याचं त्यांचं. तळ्याला तोंड ठेवा. निम्मं तुम्हाला, निम्मं सोडायचं."

"चार वर्षांत तिकडची झालीस."

"झालेच आहे. आणि ह्या बांधात माझ्या हातचे दगडही आहेत. दोघांनाही चार शब्द सुनवायला माझ्याइतकं मोकळं कोण आहे इथं?"

सासऱ्यांनी खोकल्यासारखं केलं. ते हसू होतं.

भट्टीवाल्याला हे काही मानवलं नाही. "तुमचं सोयऱ्याधायऱ्यांचं चालू द्या," असं म्हणून तो पुन्हा खालच्या बांधाकडे गेला आणि दिसेल त्या दगडावर पहार हाणली. दगड जागचा हलला नाही. पहार झणकन उलटून त्याच्याच नडगीवर बसली. त्याची स्वतःची माणसंसुद्धा तोंड फिरवून हसली. तो लंगडत उतरला तो मागं वळून न बघता.

तोंड फोडायचं काम पाथरवटानं दुसऱ्याच दिवशी हाती घेतलं. तळ्याच्या भिंतीतून दगडी मोरी काढायची, तिला लाकडी बूच, आणि बूच कधी काढायचं ते दोन्हीकडच्यांनी मिळून ठरवायचं. पण त्याला महिना लागणार होता, आणि ताग महिनाभर थांबणार नव्हता. तळ्यात बुडवावा तर कुजलेल्या तागाच्या वासानं जनावरांनी पाण्याला तोंड लावलं नसतं. तेव्हा सूनबाईनंच जागा दाखवली. पहिल्या बांधाच्या खाली, जिथं सासऱ्यांनी पाय दाबला होता, तिथं खड्डा खणायचा.

दोन्ही घरची माणसं खणायला लागली. वर गवताची मुळं, खाली काळी माती, मग मुरूम. कमरेइतकं खणून झालं तेव्हा खड्ड्यात नुसता चिखल होता. सासरे म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतात तर खड्डा मांडीपर्यंत भरलेला. ते वाकून बघत राहिले. पाणी वरून कुठूनच येत नव्हतं. बाजूच्या मुरुमातून बारीक बारीक धारा सुटल्या होत्या, घामासारख्या.

मग वाहणं सुरू झालं. खालून वरपर्यंत, डोक्यावर पेंढ्या. ओला ताग दगडासारखा जड. सूनबाई आणि तिचा नवरा दिवसाला नऊ नऊ खेपा करायचे. सातव्या खेपेला मांड्या थरथरायच्या, मान आत गेल्यासारखी वाटायची. सासूबाई अर्ध्या वाटेपर्यंत यायच्या, भार उतरवून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ह्या वयात मला डोंगर चढवला ह्या पोरीनं." पण पुढच्या खेपेला पुन्हा तिथंच उभ्या असायच्या. तिसऱ्या दिवशी शेवटची पेंढी पाण्याखाली गेली. एका टोकाच्या थोड्या पेंढ्या तोवर कडक झाल्या होत्या. त्या सासऱ्यांनी बाजूला काढल्या आणि सरपणात टाकल्या.

ताग बुडवल्याच्या बाराव्या दिवशी पाऊस आला. त्याचे दिवस कधीच संपले होते. भर दुपारी आभाळ एकाएकी काळं झालं आणि पाणी थेंबांनी नाही, बादल्यांनी पडायला लागलं. सासरे घरातून निघाले ते पळतच. मागच्या वर्षीचा लोंढा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. सूनबाई आणि नवरा मागं.

ते पोहोचले तेव्हा वरच्या बांधांवरून पाणी पांढरं होऊन उड्या मारत होतं. खालच्या बांधाचा डावा खांदा ढासळायला लागला होता. एकेक दगड सुटून घळीत गडगडत होता. पाथरवट छातीपर्यंत पाण्यात उभा राहून पाठीनं दगड रेटत होता. बोलायला वेळ नव्हता. नवरा त्याच्या शेजारी घुसला. सूनबाईनं काठावरून दगड द्यायला सुरुवात केली. हातांना सवय होती, कुठला दगड कुठे बसेल ते न बघता कळत होतं. सासरे दगडाचं काम करणारे नव्हते. त्यांनी एका पडलेल्या झाडाचं खोड ओढत आणलं, खांद्यावरचा दोर सोडला, खोड ढासळलेल्या जागी आडवं टाकून काठावरच्या झाडाला असं आवळून बांधलं की पाणी त्यावर आदळून मागे वळलं. तेवढ्या आडोशात बाकीच्यांनी बांधाचा खांदा भरून काढला.

तासाभरात पाऊस ओसरला. चौघंही चिखलात बसले. कुणाच्या बोटांतून रक्त, कुणाच्या कोपरातून.

"गाठ चांगली मारलीत, पाहुणे," पाथरवट म्हणाला.

"दगड चांगले रचलेत," सासरे म्हणाले, आणि लगेच उठून खड्ड्याकडे गेले. खड्डा तुडुंब होता. पेंढ्या जागच्या जागी होत्या. त्यांनी वाकून सगळ्या मोजल्या, मग उलटीकडून पुन्हा मोजल्या. खाली ओढ्याला पाणी आलं होतं, भरपूर आलं होतं, पण भिंतीसारखं अंगावर धावून आलं नव्हतं. भट्टीवाल्याच्या कच्च्या विटा काठावर होत्या तशाच राहिल्या. त्यानं ते बोलून दाखवलं नाही, पण तळ्याची मोरी बसवायच्या दिवशी त्याची दोन माणसं येऊन गुपचूप दगड उचलून गेली.

अठराव्या दिवशी ताग काढला. वास असा की जेवण उतरेना. हातापायांना कंड सुटलेली. सालीची पट्टी काडीवरून अलगद सुटून येत होती, एकेक हात लांब. पण साचलेल्या पाण्यात कुजल्यामुळे वाख काळपट झाला होता. व्यापाऱ्यानं मूठभर वाख उजेडात धरला आणि नाक मुरडलं. "हा काय वाख आहे की जळकी वात? याची दावीच होतील, दुसरं काही नाही." सासऱ्यांचा वाख आजवर रुपेरी म्हणून ओळखला जायचा. ते मान खाली घालून ऐकत राहिले. परत येताना वाटेत सुनेला म्हणाले, "ताकद बघितली नाही त्यानं. रंग बघितला." ते खरंच होतं. त्या दाव्यांना जनावरांनी हिसडे मारमारूनही एकही तुटलं नाही. पण भाव दाव्याचाच मिळाला.

हिवाळा सरला. ऊन तापायला लागलं. या दिवसांत ओढ्याच्या पात्रातून लोक चपला न भिजवता पलीकडे जायचे. यंदा जाता येईना. दोन धोंड्यांमधून पाण्याची धार चालूच होती, हातभर रुंद, आणि डोहात मांडीइतकं पाणी टिकून होतं. लोक म्हणाले, तो अवेळी पाऊस झाला ना, त्यामुळे. सासरेही म्हणाले, "असेल." पण रोज सकाळी तोंड धुवायच्या निमित्तानं ते डोहावर जाऊन यायचे, आणि घरी तोंड धुवायला पाणी असायचंच हे सगळ्यांना माहीत होतं.

एकदा भर उन्हात सूनबाई कपडे घेऊन डोहावर गेली, तर सासरे पाण्यात उभे. पाय उचलून बघत होते, पुन्हा ठेवत होते.

"चावलं का काही?"

"गार आहे."

"मग बरं आहे की, एवढ्या उन्हात."

"तसं नाही." त्यांनी ओंजळभर पाणी उचललं, गालाला लावलं. "पन्नास वर्षं उतरतोय ह्या डोहात. ह्या दिवसांत असलं तरी चहासारखं कढत असायचं. हे पावसाचं नाही. पावसाचं असतं तर कधीच तापून वाफ झालं असतं. हे आतलं आहे. जमिनीखालून हळूहळू चालत आलंय."

सूनबाईनं कपडे दगडावर ठेवले आणि तीही पाण्यात उतरली. तळव्यांना झोंबण्याइतका गारवा होता.

"यंदा वरच्या तुकड्यातही ताग पेरू," सासरे म्हणाले.

"पुरेल पाणी?"

"पाऊस दगा देईल तेव्हा नाही पुरणार. तेवढं मलाही कळतं. पण अठरा दिवस तर पुरेल." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या बापाला विचारून ये, पाचवा बांध घालणार होता त्याचं काय झालं." सूनबाई बरं म्हणणार, तेवढ्यात त्यांनी हात हलवला. "नको. मीच जातो. आपल्या व्याह्याला विचारायला कमीपणा कसला?"

काठावरून सासूबाईंनी जेवायला हाक मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा, जरा रागानं.

"येतो म्हणावं," सासरे म्हणाले. पण पाण्यातून काही ते बाहेर पडले नाहीत.